जुनी खाली, नवी वर

मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं निघून रायपूर राजधानी झालं त्या काळात या शहरात भिंतीकडे बघत उभं राहणं मोठं धोक्याचं होतं. नुसतं उभं राहिलेलं चालायचं. माणूस पान खात असेल, आडोसा शोधत असेल, कोणी हटकत नसे. पण बघत उभा असेल तर तो नक्की कोणीतरी असायचा. एक तर रस्ता रुंद करणाऱ्या खात्याचा, नाहीतर जमिनीचा दलाल, नाहीतर सीआयडी. माझ्या बाबतीत लोकांच्या संशयाला पुरावाही मिळायचा. माझ्या गळ्यात टेप असायचा.

मी बायकांचे कपडे शिवतो. तात्यापाऱ्यात गल्लीच्या तोंडाशी दुकान. पाटीवर आधी 'लेडीज टेलर' होतं, राजधानी झाल्यावर मी 'बुटीक' करून घेतलं. पाटी बदलली, शिलाईचा भाव बदलला, शिलाई तीच. टेप गळ्यातून काढायचं विसरून मी बाहेर पडायचो, आणि सदर बाजारात एखाद्या जुन्या छज्ज्याकडे मान वर करून थांबलो की आतून शेठ चपला शोधत बाहेर यायचा.

"भैया, हमारा कितना जा रहा है?"

म्हणजे रस्तारुंदीत त्याचं दुकान किती जाणार. सुरुवातीला मी समजावून सांगायचो की मी तुमच्या छज्ज्याची लोखंडी वेल बघून राहिलो, ती बाहीच्या काठाला घ्यायची आहे. ते ऐकून त्याचा चेहरा असा व्हायचा की यापेक्षा दुकान पाडणारा बरा. मग मी शिकलो. गंभीर चेहरा करून म्हणायचो, "अभी तय नहीं हुआ." एकाने मला खुर्ची देऊन लस्सी पाजली. मी प्यायलो.

त्या दिवसांत मी मासिकांत मोठ्या डिझायनर लोकांच्या मुलाखती वाचायचो. कोणाला समुद्रावरून सुचायचं, कोणाला मुघल बागांवरून, कोणाला आजीच्या पेटीवरून. रायपुरात समुद्र नाही, आणि आजीच्या पेटीची किल्ली आईच्या कमरेला. त्यामुळे मला सुचायचं ते पंक्चरवाल्याकडे. ठिगळ लावायच्या आधी तो ट्यूबची जागा कानशीने घासतो ना, तेव्हा काळ्या रबरावर एक धुरकट राखाडी गोल उमटतो, कडा विरत गेलेला, आणि त्याच्या मधोमध ठिगळाचा चकचकीत काळा ठिपका बसतो. ते पाहून मी काळ्या क्रेपवर तसेच गोल भरले. बँकेतल्या एका बाईंनी तो ब्लाउज हौसेने घातला, बँकेत सगळ्यांनी वाखाणला. त्यांनी येऊन प्रेमाने विचारलं, कुठून सुचतं हो तुम्हाला? मी खरं सांगितलं. त्या पुन्हा आल्या नाहीत.

तेव्हापासून मी ठरवून टाकलं की सुचलं कुठून हे कोणाला सांगायचं नाही. आणि लपवण्यासारखं काही हाताशी आलं की ते चोरणाराही कुठेतरी असणार असं माणसाला वाटायला लागतं. मला तो लगेच सापडला. जयस्तंभ चौकाकडे दिल्लीहून आलेल्या एका मॅडमनी पूर्ण काचेचं बुटीक उघडलं होतं. एक दिवस त्या काचेत काळा कुर्ता टांगलेला, त्यावर राखाडी गोल. मी रस्त्यावर उभा राहून त्या काचेला नाक लावलं. आतून दरबान बाहेर आला आणि माझ्या टेपकडे बघून आत निघून गेला. त्या दिवसापासून माझी खात्री झाली की या बाईची माणसं माझ्या मागावर आहेत.

आता खरी गोष्ट. याच सुमारास माझ्या लग्नाचं चाललं होतं, आणि ते मोडकळीला आलेलं होतं. तिशी उलटली होती. आधी दोन ठिकाणाहून नकार आला होता. कारण कोणी तोंडावर सांगत नाही, पण मध्यस्थ सांगतोच. मुलगा दिवसभर बायकांमध्ये असतो. बायका त्याला मापं देतात. अशा मुलाचं काय सांगावं?

तिसरं स्थळ रेल्वेतल्या एका विदर्भातल्या कुटुंबाचं होतं. क्वार्टरमध्ये बघायला गेलो. पोहे आले, मुलगी आली. आपल्याकडची ही पिढी तशीच, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. वडीलधारे विचारून राहिले, आणि माझी नजर तिच्या साडीच्या खालच्या कडेवर. शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही.

"फॉल तुम्हीच लावला का?"

आईने माझ्या पायावर पाय दिला. मुलीने खाली आपल्याच साडीकडे पाहिलं.

"हव," ती म्हणाली. "क्यों, दिख रहा है क्या?"

"दिसून नाही राहिला, म्हणून तर विचारलं."

ती हसली. बाकी कोणी हसलं नाही. त्या हसण्याने माझं काम झालं. आजवर मी इतकी मापं घेतली, पण कुठल्या मुलीने होकार द्यावा म्हणून जीव टांगणीला लागला नव्हता. तो लागला. परत येताना तिच्या वडिलांनी हात जोडून सांगितलं, थोड्या दिवसांत कळवतो. हे थोडे दिवस म्हणजे काय ते आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. गावाबाहेरून एखादा नातेवाईक बोलावला जाणार, ज्याला इथे कोणी ओळखत नाही. तो पानठेल्यावर विचारणार, शेजाऱ्यांना विचारणार. पितो का, कुठे जातो, कोणाशी काही आहे का.

आईने रिक्षातच बजावलं, "आता काही दिवस सरळ राहा बाबू. चौकशी होईन."

मी म्हटलं, मी सरळच आहे. आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो.

काम मोठं होतं. भोपाळहून बदलून आलेल्या एका साहेबांच्या मॅडम दुकानात आल्या होत्या. त्यांच्या भाचीचं लग्न होतं, त्यात साडीवर घालायला त्यांना लांब बाह्यांचं जाकीट हवं होतं. म्हणाल्या, "कुछ ऐसा बनाइए जो राजधानी का लगे. पर भोपाल वाला नहीं लगना चाहिए." ही मॅडम खूश झाली तर तिच्या मागे साऱ्या साहेबांच्या मॅडमा येणार. मी राजधानी शोधत शहरभर फिरलो. मला सगळीकडे तेच जुनं रायपूर दिसलं, फक्त लाल दिव्याच्या गाड्या वाढलेल्या.

आणि मग एका सरकारी कार्यालयासमोर मला ती पाटी दिसली. पत्र्याची मोठी पाटी. तिच्यावर आधी होतं 'मध्यप्रदेश शासन'. पेंटरने फक्त पहिला शब्द पांढऱ्याने बुजवून त्यावर 'छत्तीसगढ़' लिहिलं होतं. शासन तेच ठेवलं होतं, जुन्याच रंगात. समोरून बघितलं तर पाटी कोरी करकरीत. पण जुना ऑइल पेंट जाड असतो. सकाळचं ऊन तिरपं पडलं की पांढऱ्याखालून जुनी अक्षरं फुगून वर यायची. छच्या पोटात म. ऊन सरकलं की पुन्हा गायब. मी वेड्यासारखा बघत राहिलो. हेच तर पाहिजे होतं. खाली कोसा रेशमावर त्याच रंगाच्या जाड दोऱ्याने नक्षी भरायची, वरून त्याच रंगाची पातळ रेशमी जाळी घालायची. समोरून साधं. बाई उन्हात वळली की खालचं वर येईल.

मी मागे वळलो तर रस्त्यापलीकडे एक माणूस. विटकरी सफारी, डोळ्यांवर गॉगल, बसलेला लुनावर, आणि बघतो माझ्याकडे. मी पाटीकडे पाहिलं की तोही पाटीकडे बघायचा. मी घरी निघालो, लुना मागून आली. मी समजलो. काचवालीचा माणूस.

पंक्चरचा गोल गेला तो गेला. ही पाटी मी जाऊ देणार नव्हतो. पण भांडण करून काय होणार? मी शहाणपणा केला. माझ्या मते शहाणपणाच होता तो. या हेराला मी असा फिरवायचा, असा फिरवायचा, की जाऊन त्याने आपल्या मॅडमला भलतंच काहीतरी सांगावं, आणि तिच्या काचेत भलतेच कपडे टांगले जावेत.

पहिल्यांदा मी त्याला दारूच्या भट्टीवर नेला. आत गेलो नाही, पण बाहेर खोक्यांच्या थप्पीसमोर उभा राहून डोळे बारीक करून, मान तिरकी करून, हवेत बोटाने रेघा काढत राहिलो. ओळखीच्या दोघांनी नमस्कार केला. मीही केला. सफारीवाला पलीकडे झाडाखाली, टक लावून. मग मी त्याला सरकारी बाळंतपणाच्या दवाखान्यात नेला. आवारात दोरीवर धुतलेली बाळोती वाळत होती. तिथेही मी मान तिरकी केली, एका झबल्याला बोट लावून आयाला विचारलं, हे कोणाचं. ती म्हणाली, "आप बाप हो?" मी गूढ हसलो. हेराला सगळं ऐकू जाईल इतकाच तो लांब होता आणि मला त्याचं समाधान वाटलं.

सगळ्यात भारी काम मी पुरानी बस्तीत केलं. तिथे एका गल्लीत अंत्यविधीच्या सामानाचं दुकान आहे. मी आत शिरलो आणि मोठ्याने विचारलं, "लेडीज के लिए कुछ अलग आता है क्या?"

दुकानदाराने खालच्या आवाजात विचारलं, "कब हुआ?"

"अभी नहीं हुआ. आगे के लिए देख रहे हैं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी टेप काढून पांढऱ्या कापडाचा पन्हा मोजला, ठीक आहे म्हणालो आणि बाहेर आलो. वळून पाहिलं तर सफारीवाला दुकानात शिरत होता. मला हसू आवरेना. म्हटलं, आता त्या दिल्लीवालीच्या काचेत मयताचं कलेक्शन लागणार.

दुसऱ्या दिवशी तो सरळ दुकानात आला. गॉगल तसाच. म्हणाला, "बहन के लिए ब्लाउज सिलवाना है." माप आणलंय का विचारलं तर म्हणाला, बाद में. आणि स्टुलावर बसून चारी भिंतींकडे बघायला लागला. मी त्याला चहा मागवला. शत्रूला चहा पाजण्यात एक मजा असते.

आता इथे एक सांगितलं पाहिजे. रायपुरातल्या मराठी माणसाला एक जन्मजात सोय आहे. चार लोकांत गुपित बोलायचं तर तो मराठीत बोलतो. भाजीवाल्यासमोर भाव ठरवायचा, पाहुण्यासमोर पाहुण्याबद्दल बोलायचं, सगळं मराठीत. समोरच्याला कळत नाही असं आम्ही गृहीतच धरतो. आई मशीनवर होती. जाकिटाची भरायची नक्षी तिच्या हातची, तिच्याएवढं बारीक काम मला जमत नाही. आम्ही दोघं त्या नक्षीला 'जुनी' म्हणायचो आणि वरच्या जाळीला 'नवी'. आईने हेराकडे पाहिलं आणि मराठीत सुरू झाली.

"हा कोण आहे? काहून बसून राहिला?"

"बसू दे. याले मराठी नाही समजत."

"मग त्या जुनीचं काय करायचं?"

"करायचं काय? जुनी खालीच राहीन. नवी तिच्यावर आणायची."

"अन् नवी आल्यावर जुनी दिसली तर? लोकं काय म्हणतीन?"

"समोरून नाही दिसत आई. उन्हात फिरली तरच थोडीशी दिसन. तेवढी तर दिसलीच पाहिजे, त्यातच मजा आहे."

"सुटली तर मग बोंब होईन."

"पक्की बांधून ठेवली आहे मी. तू फक्त कोणाले बोलू नको. लग्नाच्या आधी गोष्ट बाहेर नाही गेली पाहिजे."

सफारीवाल्याने चहाचा कप अर्धाच खाली ठेवला. मराठीत काही पल्ले पडेना म्हणून कंटाळला बिचारा, असं मी आईला म्हटलंसुद्धा. तो उठला, दाराशी थांबला, आईकडे बघून काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात आलं असावं, पण न बोलता निघून गेला.

तेवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला जिंकून पाहायचं होतं. मी त्याच्या मागे धावलो. गल्लीच्या टोकाला तो लुनाला पायडल मारत होता, लुना सुरू होईना. मी हँडलवर हात ठेवला.

"भैया, बहुत हो गया. वो मैडम आपको जो देती है, हम उससे ज्यादा देंगे. आप हमारी तरफ आ जाओ."

त्याने पायडल मारणं थांबवलं. सावकाश माझ्याकडे वळला. आणि बोलला ते आमच्याच मराठीत, गोंदियाच्या बाजूच्या.

"कोणती मॅडम?"

माझा हात हँडलवरून आपोआप खाली आला.

"घरात एक बांधून ठेवली आहे म्हणता. दुसरी आणायला निघाले. आता हे तिसरी मॅडम कोणती काढली तुम्ही?"

"आपण कोण?" मी विचारलं. 

"मी पोरीचा मामा आहो."

मी त्या गल्लीतल्या नालीच्या कडेला बसलो. खरोखर बसलो. मामा लुनावरूनच बोलत राहिले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, भट्टीवर तुम्हाला लोक नमस्कार करतात. दवाखान्यात कोणाचं तरी लेकरू आहे, हे मी कानाने ऐकलं. बाईमाणसाचं कफन आगाऊ मोजून आले, ते डोळ्यांनी पाहिलं. तरी मी म्हटलं, घरी जाऊन पाहू, आई तरी बरी असन. तर आई तुमच्याहून पुढे.

मी सगळं एका दमात सांगायला लागलो. काचेचं बुटीक, पंक्चरचा गोल, सरकारी पाटी, जाळी, नक्षी. माझंच बोलणं मला जसजसं ऐकू येत होतं, तसतसं मलाच ते खोटं वाटत होतं. नक्षीला कोणी जुनी म्हणतं का? मामा ऐकत होते आणि मधूनमधून माझ्या तोंडाचा वास घेत होते.

"चला," मी शेवटी म्हटलं. "पाटीच दाखवतो."

लुना सुरू झाली. मी मागे बसलो. ज्या माणसाला मी दोन बायकांचा वाटतोय त्याच्या पाठीला धरून मी सगळं शहर ओलांडलं. कार्यालयासमोर उतरलो आणि वर पाहिलं. पाटी नव्हती. तिच्या जागी प्लास्टिकची नवी कोरी पाटी, आत दिवे बसवलेली. तिच्याखाली काही नव्हतं, कुठूनही काही दिसत नव्हतं. चपराशाने माझा टेप पाहिला आणि आतल्या कोणाला तरी सांगायला धावला.

"कुठं आहे?" मामा म्हणाले.

"होती."

"होती," मामांनी मान हलवली. "म्हणजे तुम्ही दाखवता ते नसते, अन् असते ते दिसत नाही. असंच ना?"

मी त्यांना परत दुकानात नेलं. आईला सगळं सांगितल्यावर तिने डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला नालीची आठवण झाली. मी जाळी वरून कच्ची टाचली आणि जाकीट मामांच्या हातात दिलं. त्यांनी उलटंपालटं केलं, ताणून पाहिलं, उंच धरलं.

"मले तर साधं जाकीट दिसून राहिलं."

मी म्हटलं, अंगात घातल्याशिवाय नाही दिसत. मामांनी जाकिटाकडे, आपल्या पोटाकडे आणि माझ्याकडे पाहिलं. जाकीट काउंटरवर ठेवून ते निघून गेले.

त्या दिवशी मी एकही काज केलं नाही. संध्याकाळी आईने फक्त एवढं विचारलं, "अन् तुले कोणी खरंच नाही ना?" सख्खी आई. मला रडू आलं असतं, पण दुकानात गिऱ्हाईक होतं.

पुढच्या दिवशी सकाळी लुना पुन्हा आली. मागे ती बसलेली. मामा बाहेरच्या बाकावर बसले, हात बांधून. तिने आईला नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दिखाइए."

मी जाकीट दिलं. तिने कुर्त्यावर घातलं, बाह्या सरळ केल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. गल्लीत ऊन आलं होतं. मामा बघत होते. काहीच दिसत नव्हतं. ती दोन पावलं गेली, तरी काही नाही. तेवढ्यात आई दारात येऊन म्हणाली, "अहो मामा, आधी डोळ्यांवरचा गॉगल काढा."

मामांनी गॉगल काढला. ती वळली. ऊन तिच्या खांद्यावरून घसरत पाठीवर गेलं, आणि कोरी जाळी हळूच भरून आली. खालून वेल वर आल्यासारखी, वळणं घेत, खांद्यापासून कमरेपर्यंत. ती थांबली तेव्हाही क्षणभर राहिली, मग विझली. मामा उठून उभे राहिले होते. "पुन्हा फिर," ते म्हणाले. ती पुन्हा फिरली. समोरचा घड्याळवाला दुकानाबाहेर आला.

ती आत आली, जाकीट काढून काउंटरवर पसरलं, जाळीवरून बोट फिरवत राहिली. बोट एके ठिकाणी थांबलं.

"ये म है ना?"

मी टेप गुंडाळायला घेतला.

"म... ध्य..." तिने बोट पुढे नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. "पूरा मध्यप्रदेश लिखा है आपने मैडम की पीठ पर?"

आईला भरायला वेल मीच आखून दिली होती, आणि तिच्यात अक्षरं इतकी मोडून घातली होती की मलाच ती सापडत नसत. भोपाळ नको म्हणणाऱ्या मॅडमच्या पाठीवर मी अख्खं भोपाळ भरून घेतलं होतं, ही माझी खोडी होती, आईलाही सांगितली नव्हती.

"मैडम को पता है?"

"नाही."

"मत बताना," ती म्हणाली. हसली नाही. उलट डोळे बारीक झाले. आणि मग पहिल्यांदा ती माझ्याशी मराठीत बोलली, अडखळत, मामांना ऐकू जाईल अशा आवाजात. "अजून काही आहे का असं लिहिलेलं, जे मले दिसून नाही राहिलं?"

हा प्रश्न जाकिटाचा नव्हता, एवढं मलाही कळलं. मी सगळं सांगितलं. सदरमधली लस्सी, बँकेतल्या बाई, झबलं, भट्टीवरच्या दोघांची नावं. दोन ठिकाणचा नकार सांगितला, त्याचं कारण सांगितलं. काचेच्या दुकानासमोर नाक लावून उभा होतो हेसुद्धा सांगितलं. ती ऐकत होती, मशीनच्या चाकावर हात ठेवून. मी थांबलो तेव्हा तिने विचारलं, झालं का? मी म्हटलं, हव. ती मामांना म्हणाली, "चलो." आणि ते गेले. 'हो' नाही, 'नाही' नाही.

मॅडम जाकीट घेऊन गेल्या. लग्नात म्हणे सगळ्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा वळायला लावलं. परत येऊन त्यांनी विचारलं, ये आया कहाँ से आपके दिमाग में? मी म्हटलं, बस्तरच्या जंगलातून. त्यांना ते फार आवडलं. काचवालीकडेही मी त्याच दिवसांत धीर करून आत गेलो. राखाडी गोल तिला पावसात भिजलेल्या फरशीवरून सुचले होते. माझ्या दुकानाचं नाव तिने ऐकलंही नव्हतं. तिने मला विचारलं, आप नगर निगम से हैं? चोरी झाली असती तर बरं वाटलं असतं.

रेल्वे क्वार्टरमधून काही कळेना. मध्यस्थाला विचारायची आईची हिंमत होईना. मी रस्त्यावर लुनाचा आवाज आला की दाराशी जायचो. रायपुरात तेव्हा लुना फार होत्या.

एका दुपारी मात्र खरंच मामा आले. तीच सफारी, गॉगल खिशात. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. मी उघडलं. ब्लाउज होता, घरी शिवलेला, नीट घडी घातलेला. मला आठवलं, बहिणीसाठी शिवायचा म्हणाले होते. आता हा माणूस आणखी कसली परीक्षा घेतो कोण जाणे. मी सावधपणे ब्लाउज उलटा केला, शिवण पाहिली, आणि गिऱ्हाइकाला विचारतो तसं विचारलं, "कधी पाहिजे?"

"ते तुमच्या आईले विचारा," मामा म्हणाले. "मुहूर्त त्या काढतीन. आमच्या पोरीच्या मापाचा आहे."

आमच्याकडे नवरीच्या साडीवरचा ब्लाउज मुलाकडचे शिवतात, आणि त्यासाठी मुलीकडून मापाचा ब्लाउज येतो. तो कधी येतो हे मला माहीत होतं. शेकडो नवरींचे मी शिवले होते. माझ्या हाताला मात्र ते कळायला वेळ लागला. तो तसाच शिवणीवर राहिला. आईने मशीन थांबवलं आणि देवाला साखर ठेवायला आत गेली.

मामा निघाले नाहीत. काउंटरवर कोपर टेकून जवळ आले.

"एक सांगून ठेवतो. हिच्या आधीचं कोणाचं माप इथं असन, तर आताच सांगा."

मी तोंड उघडलं, पण मामांची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली होती. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती, आणि दोरीवर अर्ध्या रायपूरच्या बायकांचे मापाचे ब्लाउज टांगलेले होते. मामांनी खिशातून गॉगल काढला, पुन्हा आत ठेवला, स्टूल ओढून बसले आणि एका टोकापासून सुरुवात केली.

"हा कोणाचा?"